वाचकांचे प्रश्न : कट्टा म्हणजे नेमके काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. लोक जिथे जमतात त्या जागांना मराठीत काय म्हणतात, आणि त्या नावांचा वापर कुठे शोभतो व कुठे खटकतो, असा तो विषय आहे. त्यामुळे या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : मी दादरला राहणारा निवृत्त शिक्षक आहे. आम्ही पाच-सहा मित्र अनेक वर्षे संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसतो. गेल्या महिन्यात एका कार्यक्रमाचे निमंत्रण आले आणि त्या कार्यक्रमाचे नावच 'कट्टा' होते. वातानुकूलित सभागृह, प्रवेशिका, व्यासपीठावर दोन खुर्च्या आणि समोर रांगेत आम्ही श्रोते, असे त्याचे स्वरूप होते. बसण्याच्या जागेचे नाव कार्यक्रमाला देणे भाषेच्या दृष्टीने योग्य आहे का? हा शब्द मूळचा कुठला?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण पहिल्या भागाचे उत्तर त्यातूनच निघते.

कन्नडमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'कट्टे' म्हणजे बांधून केलेला उंचवटा. तळ्याचा बांध, बसायला केलेला चौथरा आणि झाडाभोवतीचा पार या सगळ्यांना तिथे कट्टे म्हणतात. कर्नाटकातल्या गावांत पिंपळाभोवतीच्या पाराला 'अरळीकट्टे' असे नाव आहे. आपला कट्टा याच घराण्यातला आहे. अक्का आणि अण्णा जसे शेजारघरून आले आणि आपलेच झाले, तसाच हाही शब्द रुळला. मूळ अर्थ पाहिला तर त्यात माणसेही नाहीत आणि गप्पाही नाहीत, फक्त दगडमातीचे बांधकाम आहे. (बाजारात धान्याच्या पोत्याला कट्टा म्हणतात आणि विड्यांचाही कट्टा असतो, पण त्यांचा आपल्या प्रश्नाशी संबंध नाही.)

जागेचे नाव तिथल्या माणसांना लागणे आणि माणसांवरून ते त्यांच्या गप्पांना लागणे, हा भाषेतला नेहमीचा प्रवास आहे. 'सारी वाडी जागी झाली' असे म्हणताना आपण घरांबद्दल बोलत नसतो. त्याच न्यायाने 'आमचा कट्टा रविवारी जमतो' हे वाक्य व्याकरणाने आणि अर्थानेही बिनचूक आहे. तेव्हा कार्यक्रमाला हे नाव देणाऱ्यांनी भाषेची चूक केली असे मी म्हणणार नाही. तरीही आपल्याला ते खटकले यात आपले काही चुकलेले नाही, कारण या शब्दाला मुंबईत जो अर्थ लोकांच्या बसण्या-उठण्यातून मिळाला आहे, तो कोशातल्या 'बांधलेला उंचवटा' या अर्थाहून बराच मोठा आहे. आपण ज्या कट्ट्यावर बसता त्याकडेच पाहिले तर हे लक्षात येईल.

महापालिकेने १९२५ मध्ये हे मैदान लोकांसाठी खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये, शिवाजी महाराजांच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, त्याला महाराजांचे नाव मिळाले. मैदानाभोवतीचा कट्टा सुमारे १.२ किलोमीटर लांबीचा आहे आणि खरे पाहता ती मैदानाची कड आहे. ती कड आहे की आसन, हे पिढ्यान्‌पिढ्या तिथे बसणाऱ्यांनी ठरवले. संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथे गेले की दिवसभर तापलेला कट्टा अजून कोमट लागतो. येणारा माणूस हातरुमालाने जागा झटकतो आणि शेजारी बसलेला अनोळखी माणूस न बोलता वीतभर सरकतो. मैदानाकडे तोंड करून बसले तर समोर क्रिकेटचा सराव दिसतो आणि रस्त्याकडे तोंड केले तर फेऱ्या मारणाऱ्यांची वर्दळ. सगळे एकाच रेषेत बसलेले असल्यामुळे अध्यक्षस्थान असे काही उरत नाही. त्या रेषेचा आणखी एक परिणाम आपण रोज अनुभवत असालच. तिघा-चौघांपर्यंत गप्पा नीट चालतात, पण पाचवा मित्र आला की तो टोकाला बसत नाही, तर समोर उभा राहतो, कारण टोकावरच्याला दुसऱ्या टोकाचे ऐकू येत नाही. मग ज्याला उभे राहून कंटाळा येतो तो बसतो आणि दुसरा उठतो. कोणी न ठरवता बोलणाऱ्याची जागा अशी बदलत राहते.

आपण गेलात त्या सभागृहात दोघे बोलणारे होते, बाकीचे ऐकणारे होते आणि कोणी कुठे बसायचे हे आधीच ठरलेले होते. त्या मांडणीसाठी मराठीत 'व्यासपीठ' हा उत्तम शब्द आहे. पुराण सांगणाऱ्याचे, म्हणजे व्यासांचे, ते आसन असते आणि तिथे एकाने सांगायचे व इतरांनी ऐकायचे हे गृहीत असते. त्यात कमीपणा काहीच नाही, ती फक्त वेगळी गोष्ट आहे. अशा कार्यक्रमाला 'प्रकट मुलाखत' म्हणावे किंवा 'गप्पांचा कार्यक्रम' म्हणावे. ज्याला प्रवेशिका लागते त्याला मी स्वतः कट्टा म्हणणार नाही. उलट ज्येष्ठ नागरिक ठरलेल्या वारी उद्यानात जमतात, ज्याला जे सुचेल ते बोलतो, वाटेने जाणाराही थांबून ऐकतो, अशा बैठकीला मात्र हे नाव शोभते, मग तिथे बाके असोत किंवा प्लास्टिकच्या खुर्च्या असोत.

केवळ बांधकाम असले म्हणजे कट्टा होत नाही, हे मला गेल्या वर्षी फार जवळून दिसले. मी राहतो त्या रस्त्यावर एका इमारतीच्या दर्शनी बाजूला गुडघाभर उंचीची रुंद भिंत आहे. घरकाम करणाऱ्या बायका दोन घरांच्या मधल्या वेळेत, दुपारी दीडच्या सुमारास, तिथे बसून डबा खात असत. त्या भिंतीला त्या 'कट्टा'च म्हणत आणि 'कट्ट्यावर ये गं' एवढ्या निरोपावर एकमेकींना गाठत. मग एके दिवशी त्या भिंतीवर टोके वर केलेल्या लोखंडी सळया बसवण्यात आल्या. भिंत आजही तितकीच उंच आणि तितकीच रुंद आहे, पण आता तिला कोणी कट्टा म्हणत नाही. त्या बायका हल्ली बसथांब्यामागे उभ्याने खातात. मी इमारतीच्या व्यवस्थापनाला दोनदा पत्र लिहिले, उत्तर आले नाही. शब्दाचा अर्थ सांगताना ही हकीकत मला महत्त्वाची वाटते. कोणालाही न विचारता टेकता येते, आणि टेकलेल्याला कोणी उठवत नाही, तोवरच तो कट्टा असतो.

प्रश्न : मी बोरिवलीची असून भाषांतराचे काम करते. शहरातल्या मोकळ्या जागांविषयीच्या एका अहवालात चौक, उद्याने, मैदाने, समाजमंदिरे आणि समुद्रकिनारे या सगळ्यांना मिळून इंग्रजीत एकच संज्ञा वापरली आहे. मी तिच्यासाठी 'सार्वजनिक एकत्रीकरण स्थळे' असे लिहिले, पण ते वाचताना एखादा सरकारी आदेश वाचल्यासारखे वाटते. याला एक सोपा मराठी शब्द आहे का? 'चावडी' चालेल का?

उत्तर : आपल्याला जे खटकले त्याचे कारण 'एकत्रीकरण' या शब्दात आहे. एकत्रीकरण कोणीतरी कशाचे तरी करतो. बँकांचे किंवा शेतजमिनींच्या तुकड्यांचे एकत्रीकरण होऊ शकते. माणसे मात्र आपण होऊन जमतात, भेटतात किंवा गोळा होतात. 'जमाव' हा शब्दही सुचेल, पण तो टाळावा. तो मुळात साधा शब्द असला तरी जमावबंदीच्या आदेशांनी त्याला पोलिसी वास लागला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे १४४ कलम जाऊन १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ कलम आले, पण शब्दाचा वास गेलेला नाही.

चावडी मात्र मुळीच लिहू नका. चावडी हे गावकारभाराचे ठिकाण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये तिची व्याख्याच दिलेली आहे, आणि तिचा आशय असा आहे की गावचा अधिकारी गावाच्या कामकाजासाठी नेहमी वापरतो ती जागा म्हणजे चावडी. सातबारा गावकऱ्यांसमोर वाचून दाखवण्याला आजही चावडीवाचन म्हणतात. तिथे पाटील बसत, कुलकर्णी बसत, वसुली होत असे आणि 'चावडीवर बोलावणे आले' हे ऐकून माणसाच्या पोटात गोळा येत असे. शिवाय तिथे सगळ्यांना सारखे बसता येत नव्हते. येसकर महाराला चावडीचे काम होते, पण चावडीवर आसन नव्हते. गावच्या जागांची जुनी नावे शहराच्या अहवालात आणताना हे विसरून चालणार नाही. त्या नावांबरोबर कोणी बसायचे आणि कोणी उभे राहायचे, याचाही हिशेब येतो.

'सार्वजनिक' हे विशेषण म्हणूनच जपून वापरण्यासारखे आहे. ते आज आपण सहज लिहितो, पण त्याचा पूर्ण अर्थ लढून मिळवावा लागला आहे. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला आणि तो संमत झाला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनाही खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. तरीही तळ्यावर जाण्याची सोय नव्हती, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह जाऊन ते पाणी प्यावे लागले. कागदावर 'सार्वजनिक' लिहिणे आणि जागा सार्वजनिक असणे यांत किती अंतर असू शकते, हे त्या चार वर्षांत दिसते. दादरच्या बोले रस्त्याने आपण कधी जात असाल, तर तो रस्ता याच बोल्यांच्या नावाचा आहे.

आता आपल्या संज्ञेकडे वळू. मराठीत या सगळ्या जागांना मिळून एक शब्द नाही, आणि मला ती उणीव वाटत नाही. आपण प्रत्येक जागेला तिथे काय घडते त्यावरून नाव दिले. मुंबईत तर हे फार ठळक दिसते. 'नाका' म्हणजे मुळात आत येणारा माल अडवून जकात घेण्याची जागा. २०१७ च्या जुलैमध्ये वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईतली जकात बंद झाली, पण वरळी नाका, मुलुंडचा चेकनाका, दहिसरचा चेकनाका ही नावे लोकांच्या तोंडी तशीच आहेत. नाका आता रस्ते मिळण्याची आणि माणसे भेटण्याची जागा झाला आहे. सकाळी सात-साडेसातला अशा एखाद्या नाक्यावर उभे राहून पाहा. गवंड्याच्या पिशवीतून थापीचा दांडा आणि ओळंब्याची दोरी डोकावत असते, रंगाऱ्याच्या बादलीत कडक झालेले ब्रश असतात, बिगारी काम करणाऱ्या बायका डोक्यावरचे फडके मांडीवर घेऊन पदपथाच्या कडेला बसलेल्या असतात. मुकादम किंवा ठेकेदार येतो, रोज ठरतो आणि दहा वाजेपर्यंत नाका रिकामा होतो. ज्यांना काम मिळाले नाही ते 'आज नाका लागला नाही' असे म्हणत घरी जातात. त्यांना कामगार चळवळीत नाका कामगार असेच म्हणतात. आपल्या अहवालात या जागेचा समावेश आहे का, हे जरूर पाहा. उद्यानांच्या यादीत ती बहुधा सापडणार नाही, पण जमण्याची जागा म्हणून ती कोणत्याही उद्यानापेक्षा कमी नाही.

चौकाची गोष्ट वेगळी आहे. संस्कृतातल्या 'चतुष्क' या शब्दावरून तो आला आणि वाड्यात तो चार बाजूंनी खोल्या असलेला, वर आभाळ मोकळे असलेला भाग असतो. तोच शब्द शहरात रस्त्यांच्या मिलनाला लागला. इथे सरकारी नाव आणि तोंडचे नाव यांचा मेळ नेहमीच बसत नाही. सात रस्त्याला संत गाडगे महाराज चौक हे नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला आपण सात रस्ताच सांगतो. याउलट फ्लोरा फाउंटनच्या परिसराचे हुतात्मा चौक हे नाव लोकांनी मनापासून स्वीकारले, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे मोर्च्यावर गोळ्या चालल्या आणि त्या आठवणीनेच ते नाव रुजवले.

मैदान हा फारसीतून आलेला शब्द आणि मुंबईत तो सभेशी घट्ट जोडलेला आहे. एकेकाळच्या एस्प्लनेडचे तुकडे होऊन आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज अशी चार मैदाने झाली. त्यांपैकी आझाद मैदानाचा एक भाग आंदोलनांसाठी ठेवलेला आहे, म्हणून 'आझाद मैदानावर बसलेत' एवढे म्हटले तरी ऐकणाऱ्याला उपोषण किंवा धरणे कळते. गोवालिया टँकच्या मैदानाला तर ८ ऑगस्ट १९४२ च्या 'छोडो भारत' ठरावामुळे ऑगस्ट क्रांती मैदान हे नावच मिळाले.

चौपाटीचा उल्लेख करायलाच हवा, कारण तिच्या अर्थाचा विस्तार आपल्या डोळ्यांदेखत झाला आहे. गिरगावची चौपाटी हा समुद्रकिनारा आहे, लोकमान्य टिळकांवर १९२० मध्ये तिथेच अंत्यसंस्कार झाले आणि गणपतींचे विसर्जनही तिथेच होते. पण भेळेच्या गाड्यांनी त्या शब्दाला असे काही पकडले की आता समुद्रापासून दूर कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठीही चौपाटी आहे, आणि जिथे पाणीच नाही अशा गावांतही खाण्याच्या गाड्यांच्या रांगेला चौपाटी म्हणतात. यात मला तक्रारीसारखे काही दिसत नाही. भेळ खायला निघालेली माणसे एकमेकांना भेटतातच.

तेव्हा सूचना अशी. जिथे कायद्याचा किंवा मालकीचा संदर्भ आहे तिथे 'सार्वजनिक जागा' लिहावे. जिथे वापराचा संदर्भ आहे तिथे 'लोकांच्या जमण्याच्या जागा' किंवा 'बसण्या-भेटण्याच्या जागा' लिहावे. अहवालात जिथे शक्य असेल तिथे मात्र सरळ नाव घालावे: नाका, मैदान, कट्टा, चौक. मूळ इंग्रजीत एकच शब्द वारंवार आला म्हणून मराठीतही तो एकच असला पाहिजे, असे बंधन भाषांतरकाराने स्वतःवर घालून घेऊ नये.

प्रश्न : आम्ही लालबागला राहतो, मूळ गाव सिंधुदुर्गात. गावी चव्हाटा म्हणजे देवाची जागा आहे, तिथे गाऱ्हाणे घालतात. मुंबईत मात्र 'घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणू नका' असे ऐकतो. देवाच्या जागेचा शब्द असा वाईट अर्थाने का वापरतात?

उत्तर : चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. काही जण चार वाटांऐवजी चार हाट, म्हणजे बाजार, असा अर्थ लावतात आणि त्यासाठी हिंदीतल्या 'चौहट्टा'कडे बोट दाखवतात. वाटा असोत की बाजार, जे सर्वांना दिसते, जिथून सर्व जातात, असे ते ठिकाण आहे. घराच्या उंबऱ्याच्या ते नेमके उलट टोक आहे. म्हणून घरातले भांडण तिथे पोहोचले की अब्रू गेली, हा अर्थ 'चव्हाट्यावर आणणे' या वाक्प्रचारात आला. वाईट आहे ते झाकायचे उघडे पडणे. जागेला त्यात बोल नाही.

आपल्या गावचा अर्थ मला अधिक पूर्ण वाटतो. गाऱ्हाणे या शब्दाचेच दोन अर्थ आहेत, देवापुढची विनवणी आणि तक्रार. चव्हाट्यावर गावाच्या वतीने गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा काय हवे आहे आणि काय चुकले आहे, हे सगळ्यांच्या समोर मोठ्याने बोलले जाते, आणि जमलेले गावकरी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा देतात. उघडपणे बोलण्याची ती मान्य जागा आहे. शहरात गाऱ्हाणे घालणारा सुटला, दुजोरा देणारे सुटले आणि फक्त उघडे पडणे उरले. अर्थात वर्तमानपत्रांत 'गैरव्यवहार चव्हाट्यावर आला' असेही वाचतो, आणि तिथे उघडे पडणे चांगलेच असते.

जाता जाता लेखनाचे एक. आपल्या पत्रात 'कट्यावर' आणि 'चव्हाट्यावर' असे दोन्ही शब्द आले आहेत. दुसरा बरोबर आहे, पण पहिला 'कट्ट्यावर' असा लिहावा. मूळ शब्दातला जोड ट्ट विभक्तीच्या रूपातही राहतो: कट्टा, कट्ट्यावर, कट्ट्याला, आणि अनेकवचनी कट्टे, कट्ट्यांवर.